टीव्हीसमोर घातलेलं गाऱ्हाणं

तुम्ही दोघं दर रविवारी मला विचारता, "आजी, लालबागला अजून जातेस का?" मी "जाते की" म्हणते आणि विषय तिथेच संपतो, कारण तोवर तिकडे कॅनडात तुमची बाहेर पडायची घाई सुरू झालेली असते. म्हणून हे लिहून काढते आहे. फोनवर सांगितलं तर अर्धं राहील, आणि ही हकिगत अर्धी ऐकून समजण्यासारखी नाही.

मी जाते ती तिथल्या एका चाळीतल्या अभ्यासिकेत. तळमजल्यावर एकाला एक लागून दोन खोल्या आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या एका गावचे पुरुष तिथे मिळून राहायचे. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी व्हायची. गिरण्या गेल्या, माणसांनी आपापली बिऱ्हाडं केली, खोली मात्र गावाच्या मंडळाकडेच राहिली. आता संध्याकाळी तिथे मुलं अभ्यासाला बसतात. घरी एवढ्या माणसांत वही उघडायला जागा नसते, म्हणून येतात. नोकरी संपल्यावर मी आठवड्यातून दोनदा दादरहून बसने जाऊन त्यांच्याशी इंग्रजीत गप्पा मारायला लागले. व्याकरण नाही, नुसत्या गप्पा.

खोलीचा कारभार आबांकडे आहे. आबा माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले, वयाने माझ्याहून थोडे मोठे. ते घरात मालवणी बोलतात आणि रागावले की मालवणी बोलतात, म्हणजे जवळजवळ दिवसभरच बोलतात. त्यांच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या मावशी अभ्यासिकेच्या किल्ल्या सांभाळतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घालतात.

आता स्वयंसेवकांबद्दल सांगते. शाळा संपलेली मुलं एक वर्ष परदेशात जाऊन एखाद्या संस्थेत विनावेतन काम करतात, अशी पद्धत आहे, तुम्हाला ठाऊक असेलच. पाठवणारी संस्था एका देशात, ठेवून घेणारी दुसऱ्या. आमच्या मंडळाचा असा संबंध जर्मनीतल्या एका लहान गावच्या संस्थेशी जुळला. त्याच साखळीत केनियामधलं, तळ्याकाठच्या एका गावातलं मुलांचं वाचनालयही होतं. असे तिघे भागीदार. ठरलं होतं असं, की आधी तिकडची मुलं आपल्याकडे येतील आणि नंतर आपल्याकडचं कोणीतरी तिकडे जाईल.

ते कोणीतरी म्हणजे करी रोडची एक मुलगी. पाचवीत असताना ती अभ्यासिकेत यायला लागली. कॉलेजात गेल्यावर लहान मुलांना शिकवायला लागली. तिचे वडील शाळेची बस चालवतात, आई डबे करते. जर्मनीतल्या त्या गावातल्या बालवाडीत तिने वर्षभर काम करायचं, असं बोलणं झालं होतं. तिच्या घरातलं कोणी विमानतळाच्या आत गेलेलं नव्हतं. पासपोर्ट आला तेव्हा तो चाळीत घराघरांतून फिरला. मावशींनी तो कुंकू लावून देवापुढे ठेवला होता, आणि कुंकवाचा एक ठिपका त्याच्या पाठीवर अजून आहे.

त्या आधीच्या वर्षी जर्मनीहून एक मुलगा आला होता. उंच, लाजरा, एकोणीस-वीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी पोटमाळ्याच्या फळीला डोकं आपटलं आणि तेव्हापासून चाळीतल्या सगळ्या बायका त्याच्या डोक्याची काळजी करायला लागल्या. तो काम करायला आला होता. पण आमच्याकडे दारात आलेल्या परक्या मुलाच्या हातात झाडू कोण देणार? त्याने पाण्याचा ड्रम उचलायला हात लावला की मावशी धावायच्या.

"ठेव रे बाबा. आमचे हात काय मोडले?"

त्याने भिंतीला रंग लावायची गोष्ट काढली, तर चाळीतल्या पोरांनी रविवारी येऊन तो सकाळी उठायच्या आत रंग लावून टाकला. त्याला खुर्ची दिली होती, प्लॅस्टिकची, हात असलेली. तिच्यावर तो बसायचा आणि समोर घावणे, चहा, दुपारी सुरमई, संध्याकाळी पुन्हा चहा येत राहायचा. तो कॅरम फार चांगला खेळायला शिकला. बायका त्याला आपापसात 'जावयबापू' म्हणायच्या, आणि त्याने एकदा त्याचा अर्थ विचारला तेव्हा हसून हसून कोणालाच सांगता आला नाही.

जर्मनीची संस्था दर महिन्याला विचारायची की मुलगा कसा आहे, अडचणी काय आहेत. आबा फोनवर करी रोडच्या त्याच मुलीला सांगायचे, "लिव, सगळा बरा आसा." ती तसं लिहायची. त्याचं पोट बिघडून तो आठवडाभर पडून होता, तेव्हाही सगळं बरंच होतं.

मुलगा परत गेला. जाताना रडला, चाळही रडली. आणि काही आठवड्यांनी तिकडून एक मेल आलं. तेवढ्यापुरतं मला बोलावणं आलं, कारण इंग्रजी जरा अवघड वळणाचं होतं. मी ते अभ्यासिकेत, आबा, मावशी आणि त्या मुलीसमोर वाचून दाखवलं. तिकडे गेल्यावर मुलाने आपल्या संस्थेला सांगितलं होतं, "त्यांनी माझ्यावर खूप प्रेम केलं. पण माझी गरज तिथे कुणालाच नव्हती." संस्थेच्या बाईंनी पुढे लिहिलं होतं की आम्ही दर महिन्याला अडचणी विचारत होतो आणि तुम्ही दर महिन्याला एकच उत्तर देत होता. एकमेकांशी खरं बोलता येत नसेल तर एका तरुण मुलीला वर्षभर इतक्या लांब बोलावण्याची जबाबदारी आम्ही कशी घ्यावी? तिघा भागीदारांनी आधी एकत्र बोलावं. तोवर मुलीचं येणं थांबवून ठेवत आहोत.

मी वाचायचं थांबले. मावशी म्हणाल्या, "एवढं खायला घातलं त्याला."

मुलीने फक्त विचारलं, "थांबवलंय म्हणजे कॅन्सल नाही ना, आजी?"

"नाही. थांबवलंय."

बैठक ठरली. आपल्याकडे संध्याकाळ, केनियात दुपार, जर्मनीत जेवणाची सुट्टी. तुमची आजी फोर्टमधल्या कचेरीत पस्तीस वर्षं बैठका लावत आलेली. मी मुद्दे काढले, क्रम लावला, कोणी कशावर बोलायचं ते ठरवलं, आणि सगळ्यांना बजावलं की विचारतील ते मोकळेपणाने सांगा. अभ्यासिकेतला टीव्ही कॉम्प्युटरला जोडला. जर्मन बाई दिसल्या, कापलेले केस, मोठा चष्मा, शेजारी त्यांच्या कचेरीतला एक तरुण. दुसऱ्या चौकटीत केनियाच्या बाई, अंगावर पिवळं कापड, मागे पुस्तकांचे रॅक.

जर्मन बाईंनी सरळ विचारलं, "आमच्या मुलामुळे तुम्हाला काय अडचणी आल्या?"

आबा खुर्चीत ताठ झाले. "नो प्रॉब्लेम," ते म्हणाले. "ऑल गुड."

"गुड बॉय," मावशी म्हणाल्या. "व्हेरी गुड बॉय."

बाईंनी केनियाकडे मोर्चा वळवला. तिथे गेलेली त्यांची एक मुलगी मुदतीआधीच परतली होती, आणि केनियाहून घरच्या कामाचं कारण कळवलं गेलं होतं. केनियाच्या बाई छान हसल्या. सगळं उत्तम आहे, म्हणाल्या, तिकडे हवा कशी आहे? मग बराच वेळ हवेविषयी बोलणं झालं. माझे मुद्दे एकामागून एक येत गेले आणि एकमेकांना नमस्कार करून निघून गेले. जर्मन बाईंनी शेवटी आपली वही मिटली, तेव्हा त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. पंधरा दिवसांनी एकदा परत बोलू आणि मग ठरवू, एवढंच म्हणाल्या.

टीव्ही बंद झाला. मुलगी खाली बसून वायर गुंडाळायला लागली.

"गेलं माझं," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

मला राहवलं नाही. मी आबांना विचारलं, "अहो, बोलला का नाहीत? मुलाला काम दिलं नाही हे तुम्हालाही कळलंय ना?"

"कळला नाय तर काय," आबा म्हणाले. "पण बाई, पोराच्या घरच्यांच्या तोंडार कसा बोलूचा? आनि आपला चुकला ता परक्या बाईक उठान सांगायचा? असा कोण सांगता?"

"मग कोणाला सांगायचं?"

"देवाक सांगतंय मी," आबा म्हणाले. "पोरगो गेलो तेवापासून रोज सांगतंय."

मुलीचे हात वायरवर थांबले. ती तशीच बसून म्हणाली, "मग देवालाच सांगा ना, आबा. फक्त टीव्ही चालू असताना सांगा."

तुम्ही लहानपणी माझ्याकडे आलात तेव्हा मी तुम्हाला कोकणात नेलं नाही, त्यामुळे गाऱ्हाणं तुम्ही ऐकलेलं नाही. आपलं घर पुण्याकडचं, मीही ते लालबागला येईपर्यंत नुसतं ऐकून होते. कोकणातल्या घरात काही नवं करायचं असलं, कोणी लांब जायचं असलं, तर नारळ ठेवतात, आणि घरातला किंवा गावातला मोठा माणूस उभा राहून देवाशी मोठ्याने बोलतो. मागणं तर असतंच, पण आधी कबुली असते. काय चुकलं, कोणाचं मन दुखवलं, काय राहून गेलं, ते सगळ्यांच्या देखत सांगायचं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. माणूस माणसाला काही सांगत नाही. सगळे देवाला सांगतात, आणि माणसं ऐकतात.

आबांना मुलीचं बोलणं मुळीच आवडलं नाही.

"गाऱ्हाणा म्हणजे काय नाटकाचो खेळ वाटलो तुका? टीव्हीवर दाखवूक?"

"दाखवायला नाही. मी जायच्या आधी माझ्यासाठी घालणार होतात ना? तेच घाला. ते लोक फक्त तिथे असतील."

"जायचं ठरलं तर ना," मावशी मध्येच म्हणाल्या. "अजून कुठे ठरलंय?"

आबांनी मुलीच्या हातातली वायर घेऊन खुंटीला अडकवली. मग हळूच म्हणाले, "ठरल्यार कोण गाऱ्हाणा घालता गे? ठरूचा म्हणानच घालतत."

मी दोन्ही भागीदारांना कळवलं की पुढच्या बैठकीची सुरुवात आमच्याकडच्या एका रीतीने होईल. मुद्द्यांचा कागद या वेळी काढला नाही. काय लिहिणार त्यात?

त्या संध्याकाळी अभ्यासिका भरली होती. मुलीचे आईवडील आले होते, शाळेची बस सोडून वडील तसेच, खाकी शर्टात. टीव्हीच्या खाली पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर शेंडीचा नारळ. आबांनी डोक्यावर टोपी घातली होती. कॅमेऱ्यात नारळ दिसतो का, हे पाहायला एका पोराने पाट दोनदा सरकवला आणि दोनदा मार खाता खाता वाचला. मुलगी टीव्हीच्या बाजूला उभी होती. इंग्रजीत सांगायचं काम तिचं होतं.

आबा टीव्हीकडे पाठ करून नाही आणि तोंड करूनही नाही, असे तिरके उभे राहिले. नारळाकडे बघत हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, गावच्या देवा, वाटेवरल्या देवा, ह्या चाळीच्या जागेवाल्या."

"व्हय म्हाराजा," खोली म्हणाली.

"आज ही तुझी लेकरा हय जमली आसत. काय जवळ आसत. काय लांब आसत, ती टीव्हीत आसत."

"व्हय म्हाराजा."

"सातासमुद्रापलीकडसून एक झील आमच्याकडे काम करूक इलो. आमी तेका पावणो समाजलव. खुर्चेर बसवन ठेवलव. तेच्या हातात काम दिला नाय."

"व्हय म्हाराजा."

आबा थांबले की मुलगी इंग्रजीत सांगत होती. मी तिचा चेहरा पाहत होते. तिला काय काय वगळता आलं असतं, हे मला कळत होतं. समोर ज्या बाई बसल्या होत्या त्यांच्या हातात तिचं पुढचं वर्ष होतं, आणि आबा एकेक चूक बाहेर काढून त्यांच्यासमोर ठेवत होते. मुलीने एकही शब्द मऊ केला नाही. एक तरुण मुलगा काम करायला आला, आम्ही त्याला पाहुणा समजून खुर्चीत बसवलं, असं तिने स्वच्छ सांगितलं.

"पोटाचं सांगा," मावशी मागून कुजबुजल्या. "जुलाबाचं."

आबांनी मान न वळवता ते पदरी घेतलं. "आमच्या तिखटान तेच्या पोटाक तरास झालो. ता पण आमी तेच्या मानसांका कळयला नाय. इचारल्यानी तेवा सगळा बरा म्हणान सांगीत रवलव."

"व्हय म्हाराजा."

"ह्या जा काय चुकला माकला, ता पदरात घे. आता आमचा चेडू तेंच्याकडे जावक बगता. तेंच्या मनात आमच्याबद्दल जा काय किल्मिष आसात, ता दूर कर. तेचा काय ता बरा कर."

"व्हय म्हाराजा."

मुलीने शेवटचं वाक्यही सांगितलं, स्वतःविषयीचं, तिसऱ्याच कोणाविषयी असावं तसं. टीव्हीत जर्मन बाई हलत नव्हत्या. मला वाटलं चित्र अडकलं. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला.

त्यांनी मुलीला विचारलं, "हे फक्त तुमच्यातल्याच माणसांनी करायचं असतं का?"

मुलीने आबांना विचारलं. आबा म्हणाले, "कोणीय करूक शकता."

"पण माझा देवावर विश्वास नाही," बाई म्हणाल्या. "मी कोणाला सांगू?"

हे आबांना मराठीत सांगताना मुलीची जीभ जरा अडखळली. आबांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "नारळाकडे बघान सांग म्हणावा," ते म्हणाले. "आयकणारो आयकता."

आणि त्या बाई, हजारो मैलांवरच्या कचेरीत बसलेल्या, पडद्यावरच्या आमच्या नारळाकडे बघून बोलायला लागल्या. जर्मनमध्ये. शेजारचा तरुण इंग्रजी करत होता, मुलगी मराठी करत होती. बाई म्हणाल्या की आम्ही मुलं पाठवतो, पण तुम्हाला कोणत्या कामासाठी कोण हवं आहे, हे आम्ही कधीच विचारलं नाही. बोलून बाई थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. त्या वाट पाहत होत्या.

मावशींच्या ते आधी लक्षात आलं. "व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या, आणि मग सगळी खोली म्हणाली.

बाईंचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्या पुढे बोलत राहिल्या. आम्ही तुमच्याकडून दर महिन्याला अहवाल मागतो, स्वतःचा एकही कधी पाठवला नाही. व्हय म्हाराजा. मुलगा तिकडून आम्हाला फोनवर सांगायचा की मला काम नाही, आणि आम्ही त्याला म्हणायचो, धीर धर, तिकडची संस्कृती वेगळी आहे. तुम्हाला विचारण्याचा धीर आम्हालाच नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. व्हय म्हाराजा.

आबा हे ऐकून नारळाऐवजी टीव्हीकडे बघायला लागले होते. "म्हणजे ती पण गप्प ऱ्हवली," ते माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

केनियाच्या बाई तोवर उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडेही म्हातारी माणसं असंच बोलतात आणि आम्ही उत्तर देतो, म्हणाल्या, फक्त कॉम्प्युटरसमोर कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मग त्या आपल्या भाषेत बोलल्या. इंग्रजी त्यांनी स्वतःच केलं. त्यांच्याकडे आलेली जर्मन मुलगी घरच्या कामासाठी परतली नव्हती. तिच्या खोलीचं छत गळत होतं, ते दुरुस्त करायचं राहत गेलं, आणि ती आजारी पडली. गळणाऱ्या छताची लाज वाटली म्हणून आम्ही वेगळं कारण लिहिलं. लालबागच्या खोलीने त्यांनाही उत्तर दिलं, आणि या वेळी जर्मनीतून दोन आवाज त्यात मिसळले, एक बाईंचा, एक त्या तरुणाचा. उच्चार वेडेवाकडे होते. चाळीतली पोरं हसली नाहीत. मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं.

मुलांनो, मी आयुष्यभर साहेबांच्या बैठकांना बसले. मोठमोठी माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून एकमेकांचं तोंड चुकवताना पाहिली. जगाच्या तीन कोपऱ्यांतली माणसं एका नारळाकडे बघत आपापलं चुकलेलं सांगताहेत, आणि बाकीची एका आवाजात त्यांना हो म्हणताहेत, हे मी त्या दिवशी पाहिलं. हो म्हणणं म्हणजे माफ करणं नव्हतं. ऐकलं, एवढंच होतं ते.

आबा मुलीकडे वळले. "आता तुझा."

ती दचकली. "माझं काय?"

"तू जातलंस ना? मग सांग तुझा तू."

ती पाटासमोर येऊन उभी राहिली. हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. मराठीत बोलायला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता इंग्रजी करणारी मीच उरले आहे. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मला जायचंय," ती म्हणाली. "खूप जायचंय. पण मी कधी एका खोलीत एकटी झोपलेली नाही. आमच्या घरी पाय लांब केला तरी कोणाला तरी लागतो."

मी सांगितलं.

"मला तिकडे काही जमलं नाही तर मी 'जमतंय' म्हणणार. मला माहितेय मी तेच म्हणणार. आईला म्हणते, कॉलेजात म्हणते. त्यांच्या मुलाचं सगळं बरं आहे, हे मीच टाइप करायचे. मला तेव्हा पण दिसत होतं."

तिची आई दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"म्हणून मला सारखं विचारा. मी पहिल्यांदा खरं सांगणार नाही, म्हणून दुसऱ्यांदा विचारा. आणि मला पाहुणी करू नका. कामाला लावा."

हेही मी इंग्रजीत सांगितलं. खाकी शर्टातले वडील सगळ्यात आधी म्हणाले, "व्हय म्हाराजा." बाकीच्यांचं नंतर आलं. जर्मनीहून आलं, केनियाहून आलं, थोडं मागेपुढे, कारण आवाज पोचायला वेळ लागतो.

जर्मन बाईंनी त्या दिवशी होकार दिला नाही. त्यांनी चष्मा घातला, मुलीला म्हणाल्या, "मी तुला दुसऱ्यांदा विचारीन." मग मावशींनी नारळ वाढवला, खोबऱ्याचे तुकडे वाटले, आणि टीव्हीतल्या माणसांना तुकडे दाखवून स्वतःच खाल्ले. पुढल्या आठवड्यात मुलीचे व्हिसाचे कागद आले.

तेव्हापासून दर महिन्याची बैठक आम्ही अशीच सुरू करतो. प्रत्येक वेळी नारळ नसतो. कधी एका देशाचं माणूस सुरुवात करतं, कधी दुसऱ्या. पुढे येणाऱ्या मुलाला कोणतं काम द्यायचं हे आता आधी लिहून जातं, आणि मावशींनी ती हातांची खुर्ची आपल्या दारात नेऊन ठेवली आहे. केनियाच्या छताचं काम झालं, त्याचं चित्र त्यांनी पाठवलं होतं. आबा ते चाळभर दाखवत फिरले, जणू छत त्यांनीच घातलं.

मुलीला निरोप द्यायला सहार विमानतळावर मीही गेले होते. आत जाताना ती मागे वळली नाही. वळली असती तर गेली नसती, असं तिची आई म्हणाली.

ती गेल्यावरच्या पहिल्या बैठकीत ती टीव्हीत जर्मन बाईंच्या शेजारी बसली होती, मोठ्या निळ्या स्वेटरमध्ये, अगदी लहान दिसत होती. मावशींनी विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे," ती म्हणाली.

जर्मन बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मराठी त्यांना येत नाही, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी तिला इंग्रजीत पुन्हा विचारलं.

मुलीने मान वर केली. मग आमच्याकडे, म्हणजे आबांच्या मागच्या भिंतीवर देवाचा फोटो आहे तिकडे, बघत आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणाली की पहिला आठवडा त्यांनी मला विश्रांती घे म्हणून खिडकीशी बसवून ठेवलं होतं, आणि मी रोज रात्री रडले.

जर्मन बाईंनी डोळे मिटून मान हलवली. "व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या, आमच्याही आधी. आबांना हसू आवरेना. "म्हणजे थंय पण खुर्चीच," ते म्हणाले, आणि मग त्यांनीही म्हटलं, आणि खोलीने म्हटलं.

तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती; बाहेर बालवाडीच्या दाराशी मुलांचा गलका सुरू झाला, एक लहान हात येऊन तिची बाही ओढू लागला.

"आबा, मी जाते आता," ती उठत म्हणाली. "बालवाडी उघडायची किल्ली माझ्याकडे आहे."